हरकतीची मुदत : संध्याकाळी पाचपर्यंत

अमेरिकेच्या राजपत्रात, म्हणजे 'फेडरल रजिस्टर'मध्ये, जवळजवळ रोज एक रुक्ष यादी छापून येते. वर डॉकेटचा, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीचा, क्रमांक, त्याच्या सुरुवातीला 'ईआर' ही अक्षरं. खाली अर्जदार कंपनीचं नाव. नावात बहुतेक वेळा सोलर, विंड किंवा स्टोरेज असतं आणि शेवटी एलएलसी. मग एका ओळीचं वर्णन: बाजारभावाने वीज विकण्याच्या परवानगीसाठी पहिला अर्ज. त्याखाली अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि सगळ्यात शेवटी हरकत नोंदवण्याची मुदत, अगदी वेळेसकट: पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळचे पाच.

ही यादी वॉशिंग्टनच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाची. 'फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन' एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे 'फर्क' म्हणतात. हिशेबतपासणी हा माझा पेशा, विजेचं शिक्षण मी घेतलेलं नाही. पण दुसऱ्याचे कागद वाचायची सवय हाडात मुरली आहे आणि न्यू जर्सीत राहायला आल्यापासून ही यादीही मी वाचत आले आहे. मन लावून, एकेक डॉकेट उघडून वाचते. आत कंपनीचा अर्ज असतो, सोबत दरपत्रक, मालकी कुणाची याचा तक्ता, वकिलाचं पत्र आणि काही आठवड्यांनी आलेलं आयोगाचं मंजुरीपत्र. अर्ज आणि मंजुरी यांच्या मध्ये लोकांसाठी ठेवलेली जागा असते. ती बहुतेक वेळा रिकामी असते.

या रिकाम्या जागेबद्दल मला लिहायचं आहे. विजेची किंमत लोकांवर बंधनकारक होण्याआधी तिच्याविषयी बोलायची ती जवळजवळ एकमेव जागा आहे. नंतर बोलायला जागा उरत नाही, किंवा उरते ती फार अरुंद असते.

आधी या अर्जात मागितलेलं काय असतं ते पाहू. वीज घाऊक बाजारात विकणाऱ्या कंपनीने आपला दर आयोगाकडे नोंदवला पाहिजे आणि तो दर 'न्याय्य आणि वाजवी' असला पाहिजे, असं फेडरल पॉवर अॅक्टचं कलम २०५ सांगतं. पूर्वी कंपन्या आपला खर्च दाखवायच्या, त्यावर ठरावीक परतावा धरायच्या आणि त्यातून निघालेला आकडा नोंदवायच्या. बाजारभावाच्या परवानगीत आकडा नसतोच. कंपनी आणि खरेदीदार यांच्यात जो भाव ठरेल तो आमचा दर, एवढंच दरपत्रकात लिहिलेलं असतं. आयोग त्याला मान्यता देतो ती एका अटीवर: कंपनीच्या हातात बाजार वाकवण्याइतकी ताकद नसावी.

ती ताकद तपासायच्या कसोट्याही ठरलेल्या आहेत. त्या भागातल्या बाजारात कंपनीचा वाटा २० टक्क्यांच्या खाली आहे का, हे चारही ऋतूंसाठी बघतात. मागणी ऐन टिपेला असताना या कंपनीला वगळून भागतं का, हे बघतात. २००७ साली आयोगाने ६९७ क्रमांकाच्या आदेशात हे सगळं एकत्र बांधलं. पुढे २०१९च्या ८६१ क्रमांकाच्या आदेशाने, जिथे संघटित बाजार आहे आणि त्यावर स्वतंत्र देखरेख करणारा आहे, अशा बऱ्याच भागांतल्या कंपन्यांना या कसोट्यांचे आकडे द्यायची गरज उरली नाही. देखरेख आहे तेवढी पुरे, असं गृहीत धरलं गेलं. हे गृहीतक खोडता येतं, पण त्यासाठी कुणीतरी पुढे येऊन खोडावं लागतं. म्हणजे तपासणीचा काही भार अर्जदाराच्या खांद्यावरून हरकत घेणाऱ्याच्या खांद्यावर आला आणि हरकत घेणारं तर बहुधा कुणीच नसतं. हा बदल मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

'न्याय्य आणि वाजवी' हे शब्द कायद्यात आले कुठून, त्याची कहाणी मला फार महत्त्वाची वाटते. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यातली नॅरागॅन्सेट नावाची वीज कंपनी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या अॅटलबरो गावाच्या कंपनीला वीज विकत होती. १९१७ साली वीस वर्षांचा करार झाला होता. तारा राज्याच्या सीमेपर्यंत आणायच्या, तिथे वीज सोपवायची. काही वर्षांनी नॅरागॅन्सेटला तो भाव परवडेना, तेव्हा ऱ्होड आयलंडच्या राज्य आयोगाने दर वाढवून दिला. अॅटलबरोच्या कंपनीने दाद मागितली आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सीमा ओलांडणाऱ्या विजेचा दर ठरवणं राज्याच्या अधिकारात नाही, ते काम काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं. काँग्रेसने तर तसा कायदाच केलेला नव्हता. राज्याच्या सीमेवरून वीज पलीकडे गेली की तिच्या दराला विचारणारं कुणीच नाही, असा तो काळ.

ही फट उघडी असतानाच सॅम्युअल इन्सल यांचं साम्राज्य उभं राहत होतं. लंडनमध्ये जन्मलेले इन्सल १८८१ साली एडिसनचे सचिव म्हणून अमेरिकेत आले, पुढे शिकागोत वीज घरोघरी नेणारा माणूस म्हणून नावारूपाला आले. या माणसाने १८९८ सालीच म्हटलं होतं की वीज कंपन्यांवर राज्याचं नियमन असावं. त्यात कंपन्यांचंही हित होतं, एका गावात एकच कंपनी राहिली असती. पण १९२०च्या दशकात त्यांनी कंपनीवर कंपनी, तिच्यावर आणखी एक कंपनी अशी उतरंड रचली. राज्यांच्या आयोगांना तळातली कंपनी दिसायची, वर पैसा कुठे जातो ते दिसायचं नाही. १९३२ साली उतरंड कोसळली आणि शेअर घेऊन बसलेल्या सामान्य माणसांची आयुष्यभराची बचत बुडाली. इन्सल ग्रीसला निघून गेले, त्यांना परत आणून खटले चालवले गेले आणि त्यांतून ते निर्दोष सुटले. लोकांचे पैसे मात्र परत आले नाहीत. १९३५चा कायदा, म्हणजे हाच फेडरल पॉवर अॅक्ट, या राखेतून आला. त्याने आंतरराज्य घाऊक विजेवर केंद्राचा अधिकार बसवला, दर आयोगाकडे नोंदवायची सक्ती केली आणि नोंदवलेला दर लोकांना पाहता आला पाहिजे, असं ठरवलं.

कंपनीमागे कोणती कंपनी आहे, हा प्रश्न म्हणून आजही मला अर्जातला सगळ्यात जिवंत प्रश्न वाटतो. मालकीच्या तक्त्यात वरवर जात राहिलं की सौरऊर्जेच्या एका शेताच्या मागे एक होल्डिंग कंपनी दिसते, तिच्यामागे एखादा गुंतवणूक निधी आणि त्या निधीचा त्याच भागातल्या दुसऱ्या विक्रेत्यातही वाटा. कधी तक्ता पूर्ण असतो, कधी 'निष्क्रिय गुंतवणूकदार' असं लिहून विषय संपवलेला असतो. त्याच अर्जात बहुतेक वेळा आणखी एक मागणी असते: कलम २०४खाली कर्जरोखे काढायची आणि देणी अंगावर घ्यायची सरसकट मोकळीक. तिच्यासाठी हरकतीची वेगळी सूचना निघते, वेगळी मुदत असते. १९३५ साली हे कलम कशाच्या भीतीने लिहिलं गेलं हे इन्सल यांची गोष्ट ठाऊक असलेल्याला सांगावं लागत नाही. आज ती मोकळीक जवळजवळ आपोआप मिळते.

दर एकदा नोंदवला गेला आणि आयोगाने स्वीकारला की तो कायद्यासारखाच बंधनकारक होतो. त्यापेक्षा जास्त किंवा कमी आकारता येत नाही, न्यायालयात जाऊन 'हा भाव अन्यायकारक होता, मागचे पैसे परत द्या' असंही सहसा म्हणता येत नाही. वकील याला 'फाइल्ड रेट डॉक्ट्रिन' म्हणतात. हेतू चांगला आहे: कंपनीने गुपचूप वेगळा भाव लावू नये. पण त्यामुळे हरकतीची मुदत हीच खरी वेळ ठरते. बाजारभावाच्या परवानगीत तर स्वीकारला गेलेला 'दर' म्हणजे पुढच्या अनेक वर्षांचे अजून न ठरलेले भाव. कॅलिफोर्नियात २०००-०१ साली हे काय करू शकतं ते दिसलं.

तिथे विकणाऱ्या कंपन्यांकडे रीतसर परवानग्या होत्या. बाजार नवा, पुरवठा तंग, आणि एन्रॉनसारख्या कंपन्यांच्या व्यापाऱ्यांनी तारांवर खोटी गर्दी दाखवणं, वीज राज्याबाहेर नेऊन चढ्या भावाने परत आणणं असे डाव टाकले. त्यांना 'डेथ स्टार', 'फॅट बॉय' अशी नावंही दिली. जानेवारी २००१मध्ये आळीपाळीने अंधार करावा लागला. एप्रिलमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही मोठी वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. जूनमध्ये आयोगाने सगळ्या पश्चिमेसाठी भावांवर मर्यादा घातली तेव्हा कुठे आग आटोक्यात आली.

या सगळ्यात मला एक छोटी संस्था विसरता येत नाही. वॉशिंग्टन राज्यातली स्नोहोमिश परगण्याची लोकांच्या मालकीची वीज संस्था. भाव पेटलेले असताना तिने २००१ साली मॉर्गन स्टॅनली या बड्या बँकेशी नऊ वर्षांचा करार केला, मेगावॉट-तासाला १०५ डॉलर. त्या भागात पूर्वी सरासरी २४ डॉलरच्या आसपास भाव असायचा. बाजार थंडावल्यावर करार बदलून मागायला ती आयोगाकडे गेली, आयोगाने नाही म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००८ साली न्यायालयाने सांगितलं की दोघांनी मोकळेपणी केलेला करार वाजवीच मानला जाईल. तो मोडायचा तर सार्वजनिक हिताला गंभीर बाधा येते हे दाखवावं लागेल. काही मुद्दे पुन्हा आयोगाकडे पाठवले गेले, पण गृहीतक कंपन्यांच्या बाजूचं राहिलं.

आणि याच संस्थेने आणखी एक काम केलं. एन्रॉनच्या व्यापाऱ्यांचे फोन कंपनीनेच टेप केलेले होते. त्या टेप मिळवून स्नोहोमिशच्या लोकांनी तासन् तास ऐकल्या, शब्द न् शब्द उतरवून काढला आणि २००४ साली ते कागद आयोगापुढे आणि देशापुढे ठेवले. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीचे पैसे आपण लुटले, याच्यावर हसणारी माणसं त्या कागदांत आहेत. एका परगण्याच्या वीज संस्थेने हे केलं. ज्यांच्या हातात सगळे अधिकार होते त्यांनी आधी का केलं नाही, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो योग्यच होता. २००५ साली काँग्रेसने आयोगाला बाजारातल्या लबाडीवर दिवसाला १० लाख डॉलरपर्यंत दंड करायचा अधिकार दिला, त्यामागे असे कागद होते. पुढे २०१३ साली जेपी मॉर्गनच्या वीज व्यापार करणाऱ्या कंपनीला दंड आणि परतफेड मिळून ४१ कोटी डॉलर भरावे लागले आणि तिची बाजारभावाने वीज विकायची परवानगी सहा महिन्यांसाठी काढून घेतली गेली. म्हणजे ही परवानगी परत घेता येते. कुणीतरी नोंद ठेवली पाहिजे, कुणीतरी दाखवून दिलं पाहिजे.

आमच्या ओळखीच्या एक काकू इथे मुलाजवळ राहतात. २०२५च्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर दोन बिलं शेजारी शेजारी मांडली, आदल्या वर्षीचं आणि त्या वर्षीचं. वापराचे आकडे पेन्सिलीने गोल केलेले होते.

"वापर तर तेवढाच आहे गं. उलट थोडा कमीच. मग पैसे एवढे कसे वाढले?"

बिलात 'सप्लाय' आणि 'डिलिव्हरी' असे दोन भाग असतात, त्यांतला सप्लाय फुगला होता. त्या जूनपासून न्यू जर्सीत घरगुती बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. कारण एक वर्ष आधीचं. इथली वीज पीजेएम नावाच्या जाळ्यातून येते. १३ राज्यं आणि राजधानी, साडेसहा कोटी माणसं या एका जाळ्यावर आहेत. वीज गरज पडेल तेव्हा देण्याची हमी विकत घ्यायला पीजेएम लिलाव करतं. जुलै २०२४च्या लिलावात या हमीचा भाव मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलरवर गेला. एकूण रक्कम २.२ अब्ज डॉलरवरून १४.७ अब्ज. डेटा सेंटरांची वाढती मागणी, बंद होणारी जुनी केंद्रं, जाळ्याला जोडून घ्यायला वर्षानुवर्षं रांगेत थांबलेले नवे प्रकल्प आणि लिलावाचे बदललेले नियम, अशी कारणं त्यामागे होती.

मी हे सांगत होते आणि काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे नियम ठरवताना आपल्याला कुणी विचारलं होतं का?"

विचारलं होतं, काकू. नियम आयोगापुढे आले होते, सूचना छापली होती, मुदत दिली होती. काकूंपर्यंत ती पोचायची कशी, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

त्या लिलावानंतर जे झालं ते मी त्यांना तपशीलवार सांगितलं, कारण त्यात मला खरी आशा दिसते. बाल्टिमोरजवळची ब्रँडन शोअर्स आणि वॅग्नर ही दोन जुनी वीजकेंद्रं बंद व्हायची होती, पण तारांचं काम होईपर्यंत त्यांना चालू ठेवायचं ठरलं होतं. त्याचे पैसे ग्राहकच देणार होते. लिलावात मात्र ही वीज पुरवठ्यात धरली गेली नाही. म्हणजे लोकांनी केंद्रं चालू ठेवायला पैसे द्यायचे आणि ती नसल्यासारखे चढे भावही द्यायचे. सप्टेंबर २०२४मध्ये सिएरा क्लब, पब्लिक सिटिझन आणि आणखी काही संस्थांनी यावर आयोगाकडे तक्रार केली. पीजेएमने स्वतःच नियमात दुरुस्ती सुचवली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने ती मान्य केली. डिसेंबरात पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जोश शापिरो यांनी भावाच्या वरच्या मर्यादेबद्दल वेगळी तक्रार केली, तडजोड झाली आणि एप्रिल २०२५मध्ये नवी मर्यादा लागू झाली. जुलै २०२५चा लिलाव त्या मर्यादेवर, ३२९.१७ डॉलरवर थांबला. मर्यादा नसती तर तो ३८८ डॉलरच्या वर गेला असता, असं पीजेएमनेच जाहीर केलं. भाव उतरला नाही, हे खरंच. पण नियम लिहिलेले असतात आणि लिहिलेलं बदलता येतं, हे तेवढंच खरं.

लोकांच्या हरकतीला वजन असतं का, असं मला नेहमी विचारतात. असतं, पण वजन कशाने येतं ते समजून घ्यावं लागतं. 'भाव वाढवू नका' एवढंच लिहिलं तर आयोगाला त्यावर काही करता येत नाही. अर्जातल्या अमुक तक्त्यात अमुक कंपनी दाखवलेली नाही, या कंपनीचं त्याच भागात दुसरं केंद्र आहे, या भागात मागणी टिपेला असताना या विक्रेत्याला पर्याय नसतो, असं नेमकं काही लिहिलं तर आयोगाला त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर न देता मंजुरी दिली तर ती न्यायालयात टिकत नाही. इलिनॉयच्या दक्षिण भागात २०१५ साली हमीचा भाव १६.७५ डॉलरवरून एकदम १५० डॉलरवर गेला, तेव्हा पब्लिक सिटिझनने आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलनी डायनेजी कंपनीच्या बोलीवर बोट ठेवलं. पुढच्या लिलावांसाठीचे नियम त्याच वर्षी बदलले. आधीच्या भावाची चौकशी मात्र आयोगाने २०१९मध्ये बंद केली. तक्रारदार हटले नाहीत. २०२१ साली अपील न्यायालयाने, तुम्ही कारण पुरेसं सांगितलेलं नाही, असं म्हणत प्रकरणाचा तो भाग आयोगाकडे परत धाडला. सहा वर्षं! एवढी चिकाटी सामान्य माणसाकडून अपेक्षित करणं चूक आहे, पण ती ज्यांनी दाखवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

संख्येलाही अर्थ असतो. २०२० साली न्यू इंग्लंडमधल्या एका संघटनेने अर्ज केला की छपरावरच्या सौर विजेच्या मोबदल्याचे नियम राज्यांकडून काढून केंद्राने घ्यावेत. संघटना ग्राहकांच्या नावाने चाललेली, पण तिचे सभासद कोण हे ती सांगायला तयार नव्हती. देशभरातून हजारो लोकांनी, राज्यांच्या आयोगांनी, दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी विरोध नोंदवला. जुलैमध्ये आयोगाने एकमताने अर्ज फेटाळला. कारण तांत्रिक दिलं होतं, पण एवढे लोक बोलले नसते तरी असंच झालं असतं, असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. हरकत नोंदवणारा त्या प्रकरणात पक्षकार होत नाही. सूचनेतच तसं लिहिलेलं असतं. पक्षकार व्हायचं तर त्याच मुदतीत हस्तक्षेपाचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आपला या प्रकरणाशी संबंध काय ते सांगावं लागतं. फेरविचार फक्त पक्षकाराला मागता येतो, तोही निकालानंतर ३० दिवसांत. न्यायालयाची वाट त्यानंतर. सुंदर, मुद्देसूद हरकत लिहिलेली माणसं या एका कागदावाचून दाराबाहेर राहिलेली मी डॉकेटमध्ये पाहिली आहेत. फार वाईट वाटतं. हस्तक्षेपाचा अर्ज पानभराचा असतो.

गप्प राहण्याला या व्यवस्थेत केवढी ताकद आहे ते २०१४ साली न्यू इंग्लंडमध्ये दिसलं. तिथल्या हमीच्या लिलावाचा निकाल आयोगापुढे आला. रक्कम सुमारे तीन अब्ज डॉलरच्या घरातली. लोकांनी हरकती घेतल्या, बाजारात खेळ झाला का ते तपासा म्हणाले. आयोगावर पाच जागा असतात, तेव्हा चारच सदस्य होते आणि ते दोन विरुद्ध दोन असे अडले. कलम २०५प्रमाणे ६० दिवसांत आयोगाने काहीच केलं नाही तर नोंदवलेला दर आपोआप लागू होतो. झाला. पब्लिक सिटिझन आणि कनेक्टिकट राज्य न्यायालयात गेले. २०१६ साली न्यायालय म्हणालं, आयोगाने आदेशच काढलेला नाही, मग आम्ही तपासू काय? ही फट बुजवायला काँग्रेसला २०१८ साली कायदा बदलावा लागला. आता अशा कोंडीतही फेरविचार मागता येतो, सदस्यांना आपलं मत लेखी द्यावं लागतं. हरकत घेणारे हरले, पण त्यांच्या हरण्यामुळे कायदा सुधारला.

आता माझं म्हणणं. १९७८ सालच्या कायद्यात काँग्रेसने या आयोगात लोकसहभागाचा कक्ष असावा असं लिहून ठेवलं. सामान्य माणसाला अर्ज समजावून द्यावा, कसा भाग घ्यायचा ते सांगावं, यासाठी. तो कक्ष प्रत्यक्षात सुरू झाला २०२१ साली. मधली त्रेचाळीस वर्षं तो फक्त कायद्याच्या पुस्तकात होता. त्याच कलमात, निर्णयाला खरोखर हातभार लावणाऱ्या हस्तक्षेपकांना वकिलाचा आणि तज्ज्ञाचा खर्च देण्याची तरतूदही आहे. कक्ष उघडला तेव्हाही ती कागदावरच होती. कॅलिफोर्नियाचा राज्य आयोग हा खर्च कित्येक वर्षं देत आला आहे. भरीव योगदान दिलं हे दाखवा, तासांचा हिशेब द्या, पैसे मिळतात. हिशेब तपासणारी म्हणून सांगते, ही व्यवस्था राबवणं अजिबात अवघड नाही. कंपन्यांच्या वकिलांचा खर्च शेवटी ग्राहकांच्या बिलातूनच निघतो. ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्याचाही निघाला पाहिजे.

दुसरं, सूचना माणसांच्या भाषेत लिहा. कोणत्या परगण्यातलं केंद्र, किती मेगावॉट, खरा मालक कोण, वीज कुणाला विकणार, एवढ्या चार ओळी अर्जदाराकडून सक्तीने घेता येतील. आजच्या सूचनेत यातलं एकही नसतं. हरकतीसाठी साधारण तीन आठवडे मिळतात, त्यातला पहिला आठवडा हे शोधण्यातच जातो.

आणि हे सगळं आताच का, तर येणारे अर्ज मोठे आहेत म्हणून. जून २०२४मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना अणुवीज केंद्राचा एक करार पीजेएमने आयोगाकडे दाखल केला. शेजारीच उभ्या राहणाऱ्या अॅमेझॉनच्या डेटा सेंटरला थेट मिळणारी वीज ३०० मेगावॉटवरून ४८० मेगावॉटवर न्यायची होती. जाळ्याचा खर्च मग कुणी सोसायचा, हा त्यातला खरा प्रश्न. एक्सेलॉन आणि अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या दोन बड्या कंपन्यांनी हरकत घेतली. वर्षाला १४ कोटी डॉलरपर्यंतचा भार बाकीच्या ग्राहकांवर पडेल, असं त्यांनी मांडलं. १ नोव्हेंबर २०२४ला आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी करार नामंजूर केला. निर्णय बरोबर होता, असं मला वाटतं. पण ग्राहकांचा मुद्दा तिथे मांडला तो तारांच्या मालकांनी, कारण त्यात त्यांचंही हित होतं आणि त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. पुढच्या करारात त्यांचं हित उलट्या बाजूला असेल तर?

काकूंच्या मुलाने आणि मी मिळून अशा करारांवर लक्ष ठेवायचं ठरवलं आहे. डॉकेटमधल्या नव्या कागदांची खबर ईमेलने मिळते, त्यासाठी नाव नोंदवलं की पैसे पडत नाहीत. तो सॉफ्टवेअरमधला आहे, मालकीचे तक्ते जोडून बघायचं काम त्याच्याकडे. खर्चाची बाजू मी बघते. हस्तक्षेपाच्या अर्जात 'आपला संबंध काय' या रकान्यासाठी काकूंची ती दोन बिलं जोडायला त्यांनी परवानगी दिली आहे, फक्त नाव आणि पत्ता आधी त्यांना दाखवून मग लिहायचा, एवढी एक अट घालून.